टरफलाचं वय

टरफलं मी उचलणार नाही, असं बाणेदारपणे सांगणाऱ्या मुलाची गोष्ट आम्हाला शाळेत दर वर्षी ऐकवली जायची. त्याच शाळेतून निघालेली मी, पुढे पुण्यात फिजिक्स शिकले, अमेरिकेत आले, आणि इतकी वर्षं टरफलं उचलूनच पोट भरते आहे. शेंगांची नव्हे, हिकरीची. हिकरी म्हणजे इथलं अक्रोडाच्या जातीचं रानटी झाड. त्याच्या फळाचं कवच इतकं टणक असतं की जळून काळं झालं तरी मातीत शेकडो वर्षं तसंच राहतं.

टेक्सासच्या पूर्वेला पाइनची जंगलं आणि लाल माती आहे. तिथे नदीकाठी कॅडो या मूळच्या अमेरिकन जमातीच्या लोकांची गावं होती. मातीचे मोठाले उंचवटे, गवतानं शाकारलेली उंच गोल घरं, आजूबाजूला मक्याची शेतं. आता उंचवटे तेवढे राहिलेत, त्यांच्यावर गुरं चरतात. कॅडो लोक आहेत, पण ते तिकडे वर, ओक्लाहोमात. त्यांना ढकलत ढकलत तिकडे नेलं. त्या जुन्या गावांपैकी कुठलं कधी वसलं, कधी उठलं, कुठलं आधीचं आणि कुठलं नंतरचं, ही क्रमवारी लावणं हे माझं काम.

आम्ही राहतो टेक्सासमध्येच, फ्रिस्कोत, आणि तिथे आमचं सगळं मित्रमंडळ आयटीवाल्यांचं. कुणी विचारलं की नवरा सांगतो, "ही कोळशाची पत्रिका बघते." मग एखादा हमखास म्हणतो, "यार, माझ्या सासूबाईंचं एक्झॅक्ट वय काढून दे ना." सगळे हसतात, मीही हसते, आणि घरी येताना गाडीत नवऱ्यावर चिडचिड करते. खरं म्हणजे त्याची उपमा काही वाईट नाही. प्रत्येक जिवंत गोष्ट हवेतून थोडासा किरणोत्सारी कार्बन अंगात घेत असते. ती मेली की घेणं थांबतं, आणि असलेला कार्बन ठरलेल्या वेगानं कमी होत जातो. किती उरला ते मोजायचं आणि मागे हिशेब करत जायचं. पत्रिका पुढचं सांगते, मी मागचं, एवढाच फरक.

ही हकिगत खाऱ्या पाण्याच्या एका झऱ्याजवळच्या गावाची आहे. माझ्या जन्माच्या सुमाराला तिथे एका पुरातत्त्वज्ञानं उत्खनन केलं होतं. त्याला एक मोठं जळालेलं घर सापडलं. जमिनीवर जळालेल्या हिकरीचा थर, आणि त्या सगळ्यावर नीट पसरलेली, बाहेरून आणलेली स्वच्छ माती. त्या काळी तारीख काढायला मूठभर कोळसा लागायचा, म्हणून त्यानं घराच्या मधल्या खांबाचा कोळसा पाठवला. खांब सीडरचा होता. तारीख फार जुनी आली, युरोपातली माणसं या भागात यायच्या कितीतरी पिढ्या आधीची. ती छापली गेली, आणि पुढे प्रत्येकानं आपापली क्रमवारी तिच्यावरच टांगली.

मला ती तारीख पहिल्यापासून खटकत होती. झाडाच्या गाभ्यातलं लाकूड झाड उभं असतानाच कार्बन घेणं थांबवतं. म्हणजे म्हाताऱ्या सीडरचा गाभा तोडला त्या दिवशीच शे-दोनशे वर्षांचा असू शकतो. शिवाय सीडर कुजत नाही. आपल्याकडे जुनं घर पाडलं की त्याचं सागवान नव्या घराला लावतात, तसे हे लोकही चांगले खांब उपटून पुन्हा वापरत असणार. खांबाचं वय म्हणजे घराच्या आगीचं वय नव्हे. हिकरीचं फळ मात्र एका मोसमात धरतं आणि त्याच थंडीत खाल्लं जातं. आग कधी लागली ते टरफलच सांगेल.

टरफलं खोक्यांत पडून होती. पण आमच्या लॅबचा नियम आहे, आणि तो मला मान्य आहे, की ज्यांच्या पूर्वजांचं ते आहे त्यांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. कारण मोजण्यासाठी टरफल जाळावं लागतं. ते परत मिळत नाही. आम्ही विचारणा केली आणि कॅडो लोकांच्या वतीनं एक बाई आल्या. पंच्याहत्तरी कधीच ओलांडलेल्या, ठेंगण्या, पांढऱ्या केसांची वेणी, पायांत पुरुषी बूट. मी तोंडानं त्यांना मॅम म्हणत होते, पण मनात पहिल्या पाच मिनिटांतच त्या काकू झाल्या होत्या. माझी ही जुनी खोड आहे. त्यामुळे त्यांच्या बोलण्याचं इथे मराठी करताना मला त्या काकूच लिहाव्या लागतील.

"म्हणजे हे कधी जळलं ते कळायला तू ते परत जाळणार," काकू म्हणाल्या.

"हो," मी म्हटलं. इतक्या वर्षांत असं सरळ मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्यांनी खोकं जवळ ओढलं. एक टरफल तळहातावर घेतलं. त्यांच्या भाषेत हळूच काहीतरी बोलल्या. मी भिंतीवरच्या अग्निशामकाकडे बघत राहिले. देवघरात दुसऱ्याची पूजा चालू असली की आपण असंच कुठेतरी बघत उभे राहतो. मग त्यांनी मला त्यांच्या आईची गोष्ट सांगितली.

आई सांगायची की फार पूर्वी आपलं गाव खाऱ्या झऱ्याजवळ होतं. दुरून परकी माणसं आली आणि त्यांच्यामागून ताप आला. घरंच्या घरं ओस पडली. उरलेल्यांनी मोठं घर स्वतःच्या हातांनी पेटवलं. थंडीसाठी साठवलेली हिकरी आतच राहू दिली, गेलेल्यांसाठी. मग टोपल्या टोपल्या माती आणून घर झाकलं, आणि सगळे निघाले. "आई नेहमी शेवटी म्हणायची, आम्हाला तिथून कुणी हाकललं नाही. आम्ही घर बंद करून निघालो."

मी खोक्याकडे बघितलं. जळालेली हिकरी. वर आणून पसरलेली माती.

"उत्खननाची बातमी पेपरात आली," काकू पुढे म्हणाल्या. "आई म्हणाली, हे आपलंच घर. मी तेव्हा साधारण तुझ्याएवढी होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली पहिली मुलगी. मी तिला ट्रकमध्ये घालून त्या साहेबांकडे घेऊन गेले. चांगला माणूस होता. आईला खुर्ची दिली, कॉफी दिली, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, हे घर परके लोक यायच्या खूप आधी जळलं आहे, त्यामुळे तुमची गोष्ट या घराची असू शकत नाही. म्हणाला, हिकरीचं तुम्ही पेपरात वाचलं असेल, आणि मग जुन्या आठवणीत ते मिसळलं असेल. असं होतं माणसाचं."

"आणि तुम्ही?"

"मी त्याचं खरं मानलं. आईला तसं सांगितलंही. त्याच्याकडे आकडा होता. आईकडे काय होतं?"

आई जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली होती. काकूंना मरायच्या आधी एवढंच जाणून घ्यायचं होतं, की आई खरं बोलत होती का. त्यांनी टरफल माझ्यापुढे सरकवलं आणि एकच अट घातली. छापायच्या आधी त्यांना सांगायचं, आणि फोनवर नाही, घरी येऊन.

"उत्तर काहीही आलं तरी?" मी विचारलं.

"काहीही आलं तरी."

त्यानंतरचे महिने मी जितकं जपून काम केलं तितकं प्रबंधासाठीही केलं नव्हतं. टरफलं आम्लात धुतली, आम्लारीत धुतली, पुन्हा आम्लात. खोक्यांत जुना कापूस होता, त्याचा एखादा तंतू चिकटून राहिला तर तारीख बिघडते, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली एकेक तुकडा चिमट्यानं फिरवून बघितला. मोजणी दुसरीकडे होते, तिथे नमुने पाठवले आणि वाट बघत बसले. एकट्या टरफलावर भागत नाही. हवेतला कार्बन सगळ्या काळात सारखा नव्हता, त्यामुळे एकच मोजमाप कधी कधी दोन-तीन वेगळ्या काळांत बसतं. म्हणून घराखालच्या थरातला मका, जमिनीवरची हिकरी, वरच्या मातीवर पुढे कधीतरी उतरलेल्या कुणाच्या चुलीतलं बी, असं सगळं एकत्र घ्यायचं आणि खालचं आधी, वरचं नंतर, या क्रमानं संगणकाला मांडायला लावायचं. मग न बसणाऱ्या शक्यता गळून पडतात. हे सगळं करताना मला प्रत्येक वेळी त्या ट्रकमधल्या दोघी दिसायच्या. मी शास्त्रज्ञ आहे, मला अमुकच उत्तर हवं असं असता कामा नये. पण मला हवं होतं.

आणि ते आलं. कशीही मांडणी केली तरी घराची आग परके लोक आल्यानंतरचीच निघत होती. सीडरच्या गाभ्यानं सगळ्यांना फसवलं होतं. मी स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडून बसले होते ती किंचाळलेच. नवरा वरच्या खोलीत मीटिंगमध्ये होता, तो म्यूट करून जिन्यात आला. "अगं, काय झालं? लॉटरी लागली का?"

"खरं होतं! तिची आई खरं सांगत होती!"

"कुणाची आई?" त्यानं विचारलं. मग त्याला आठवलं आणि तोही खूश झाला. मुलीनं हेडफोन काढून विचारलं, "आई, व्हाय आर यू क्राइंग? इट्स जस्ट अ डेट."

मग मी जे केलं ते आपल्यापैकीच कुणीतरी करावं असं होतं. निकाल लागला की पेढे, नोकरी लागली की पेढे, ग्रीन कार्ड आलं तेव्हा आम्ही अख्ख्या सबडिव्हिजनमध्ये, म्हणजे इथल्या कॉलनीत, पेढे वाटले होते. शेजारच्या अमेरिकन आजोबांनी तेव्हा विचारलं होतं की हे चीज आहे का. आनंदाची बातमी घेऊन रिकाम्या हातानं कुणाच्या घरी जायचं असतं, हे माझ्या डोक्यातच येऊ शकत नाही. मी फ्रिस्कोतल्या मिठाईच्या दुकानातून केशरी पेढ्यांचा मोठा बॉक्स घेतला, वर सोनेरी दोरी बांधून घेतली, आणि शनिवारी सकाळी निघाले.

रेड रिव्हर ओलांडली की ओक्लाहोमा. सपाट रान, मधूनच तेलाचे पंप खालीवर मान हलवताना. सगळ्या रस्त्यात मी काय बोलायचं ते जुळवत होते. तुमची आई बरोबर होती, हे आधी सांगायचं की शेवटी? शेवटी सांगितलं तर मजा येईल, असंही मला वाटलं. मजा हाच शब्द माझ्या मनात आला होता, आणि तो मी इथे तसाच लिहिते आहे.

काकूंचं घर गावाबाहेर, लाकडी, पुढे छोटी पडवी. त्या फारच उतरल्या होत्या. वॉकर धरून त्यांनी दार उघडलं, मला बसवलं, स्वतः चहा केला आणि मला मदत करू दिली नाही. मी बॉक्स टेबलावर ठेवला. त्या समोर बसल्या, हात मांडीवर ठेवले आणि म्हणाल्या, "हं, सांग."

ठरवलेलं सगळं विसरून मी पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं. तुमची आई बरोबर होती. मग खांब, गाभा, टरफलं, थर, सगळं भराभर. बोलताना माझे हात हवेत फिरत होते. काकू माझ्याकडे बघत नव्हत्या. त्यांचा चेहरा आधी कोरा झाला, मग राखेसारखा, आणि मला वाटलं यांना काहीतरी होतं आहे, पाणी आणावं का.

त्यांनी बॉक्सकडे बोट केलं. "हे काय आहे?"

"मिठाई आहे. आमच्याकडे काही आनंदाची बातमी असली की..." मी म्हणायला लागले. इतकी मूर्ख मी आयुष्यात कधी ठरले नव्हते, आणि कुणी मला काही म्हणतही नव्हतं.

"तुला खात्री आहे?" काकूंनी विचारलं.

इथे तरी खोटं बोलावं असं मला वाटलं. पण आमच्या धंद्यात शंभर टक्के म्हणायची सोय नाही. "बऱ्यापैकी," मी म्हणाले.

त्या हसल्या, पण ते हसू नव्हतं. "आई सांगायची तेव्हा बऱ्यापैकी म्हणायची नाही."

बाहेर कुणाचा तरी कुत्रा भुंकत होता. चहा तसाच निवत चालला होता.

"तू चुकीचं काही केलं नाहीस," त्या म्हणाल्या. "मीच मागितलं होतं. मला वाटलं होतं, खरं निघालं तर बरं वाटेल. पण आई खोटं सांगायची, हे मी पचवलं होतं गं. म्हातारं माणूस, झाला असेल घोळ, असं म्हणून मी तिला माफ केलं होतं. बघ, मी तिला माफ केलं होतं."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी धरू दिला. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, त्यांच्या नाही.

"तुला मी सगळं सांगितलं नव्हतं," काकू म्हणाल्या. "त्या दिवशी परत येताना ट्रकमध्ये मी तिला म्हटलं, आई, आता हे कुणाला सांगत जाऊ नकोस, लोक हसतील. रागावून नाही म्हटलं. मला वाईट वाटत होतं, तो साहेब तिच्याशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलला होता. पुन्हा कुणी तिच्याशी असं बोलू नये, म्हणून म्हटलं."

"मग त्या काय म्हणाल्या?"

"काही नाही. खिडकीबाहेर बघत बसली. पण त्या दिवसानंतर तिनं एकही गोष्ट सांगितली नाही. झऱ्याची नाही आणि दुसरीही नाही. तिच्याकडे पुष्कळ होत्या, पोरी. तिच्या आजीकडून आलेल्या, कुठे कुठे राहिलो, कोण कसं मेलं, कुठल्या गाण्याच्या वेळी काय करायचं. मी लहानपणी अर्धवट कानानं ऐकलेल्या. मला वाटायचं, आहे की आई, विचारू नंतर. माझी मुलं तिच्या मागे लागायची, आजी सांग ना. ती म्हणायची, मला आता काही आठवत नाही रे. आम्ही म्हणालो, वय झालं तिचं." काकूंनी वॉकर बाजूला सरकवला. "तिला सगळं आठवत होतं. मरेपर्यंत घरातल्या प्रत्येकाचा वाढदिवस तिला आठवत होता."

एवढ्या लांबून गाडी हाकत येऊन, सोनेरी दोरी बांधून, मी त्यांना हे आणून दिलं होतं. आई खोटी असती तर त्या गोष्टी गेल्याचं एवढं काही नव्हतं. आता त्यातली प्रत्येक खरी होती, आणि एकही उरलेली नव्हती.

काकूंनी माझा हात सोडला आणि डोळे बारीक करून माझ्याकडे बघितलं. पहिल्या दिवशी लॅबमध्ये खोक्याकडे बघत होत्या तसंच.

"त्या खोक्यांत अजून पुष्कळ आहे ना? मका, बिया, कोळसा?"

"आहे."

"त्यातून तू अजून काय काय काढू शकतेस?"

"घर बांधलं कधी, गाव कधी वसलं, मका कधी पेरायला लागले," मी म्हणाले. "दोन गावांतलं आधीचं कुठलं, ते."

"आणि आई काय सांगणार होती, ते?"

त्यांनी ते अगदी साधेपणानं विचारलं. मी काहीतरी काढू शकेन, असं खरंच वाटून विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "ते नाही निघत."

त्यांनी मान हलवली, वॉकर ओढून घेतला आणि माझा निवलेला चहा गरम करून आणते म्हणून आत गेल्या. कप मात्र टेबलावरच राहिला होता, पेढ्यांच्या बॉक्सशेजारी.